ढोलीची किंमत

घुबड म्हटलं की आपल्याला रात्र आठवते. रानपिंगळा मात्र उन्हात बसतो. सातपुड्याच्या उतारावर पानगळ सुरू झाली की सागाच्या एखाद्या उघड्या फांदीवर, भर सकाळी, सगळ्या जगाला दिसेल असा तो बसलेला असतो. लांबी २३ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. डोकं करड्या-तपकिरी रंगाचं, त्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे. खाली पाचोळ्यात काही सळसळलं की शेपटी झटक्यात एका बाजूला जाते, पुन्हा दुसऱ्या बाजूला. मग तो तिरका खाली झेपावतो आणि पंजात सरडा किंवा सापसुरळी धरून फांदीवर परत येतो.

हा पक्षी ११३ वर्षं कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता.

त्याची कहाणी सांगायलाच हवी, कारण ती नंदुरबारची आहे. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात एक अनोळखी पिंगळा मिळाला. पुढच्या वर्षी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ॲलन ह्यूम यांनी. हेच ते ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. त्यानंतर १८८०च्या दशकात खानदेशात असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी इथल्या जंगलातून आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर सगळं शांत. फक्त एक नोंद मध्येच उगवते: १९१४, तापीकाठचं मांडवी, संग्राहक रिचर्ड मायनर्ट्झहागेन. जगातल्या सगळ्या पक्षी-पुस्तकांनी ती खरी मानली.

अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. पक्षी डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, टाके उसवून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी अडकवलेला. खोटी नोंद पुसली गेली आणि उरली जुनी, खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ती एकेक करून धुंडाळत शेवटी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका उघड्या झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. नंदुरबार जिल्हा तेव्हा अस्तित्वातही नव्हता. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे त्या सकाळनंतर सात महिन्यांनी.

पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या जंगलात त्याचा अभ्यास केला. मेळघाटात, यावलमध्ये, मध्य प्रदेशात आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो सापडला. त्यामुळे २०१८ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. तरीही जगभरात पूर्ण वाढीचे रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. एखाद्या मंगल कार्यालयात वऱ्हाडी असतात, तेवढे.

हा पक्षी जगवायचा तर खर्च येतो, आणि तो खर्च कोण करतं या प्रश्नाने मला गेली काही वर्षं पछाडलं आहे. वन्यजीव-संवर्धनाच्या अर्थकारणावर बोलायचं तर लोक ताडोब्याकडे बोट दाखवतात. ते रास्तही आहे. वाघ बघायला माणसं पैसे मोजतात, जिप्सी भाड्याने घेतात, हॉटेलात राहतात, त्यातला काही भाग व्याघ्र प्रतिष्ठानाकडे आणि आसपासच्या गावांकडे जातो. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही मुख्यतः व्याघ्र प्रकल्पांच्या आणि अभयारण्यांच्या भोवतालच्या गावांसाठी सुरू झाली. नंदुरबारमध्ये व्याघ्र प्रकल्प नाही. वीतभर पक्ष्यासाठी जिप्सीची रांग लागत नाही. मग?

उत्तर शोधताना मी पुनःपुन्हा एका भोकापाशी येऊन थांबतो.

रानपिंगळा घरटं बांधत नाही. त्याला ढोली लागते, आणि ती त्याला स्वतः कोरता येत नाही. झाड म्हातारं व्हावं लागतं. वादळात एखादी फांदी मोडते, मोडलेल्या जागी पाणी मुरतं, बुरशी शिरते, आतलं लाकूड हळूहळू भुसभुशीत होतं. कधी सुतारपक्षी किंवा तांबट त्याला दार पाडून देतो. या सगळ्याला कित्येक दशकं लागतात. नंतर एखाद्या हिवाळ्यात पिंगळ्यांची जोडी येते, दोन-तीन अंडी घालते, आणि त्या पोकळीला पहिल्यांदा अर्थ येतो. लाकडाच्या हिशेबात मात्र पोकळ झाडाला काही किंमत नाही. त्याची फळी निघत नाही. पूर्वीच्या वनव्यवस्थापनात अशी वाकडी, सुकलेली, कीड लागलेली झाडं आधी तोडायची पद्धत होती. सफाई म्हणायचे तिला.

आता जंगलाला किंमत लावायची रीत बघा, कारण ती आपल्या देशात अक्षरशः ठरवली गेली आहे. १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या गोदावर्मन खटल्यात असं ठरलं की खाणीसाठी, रस्त्यासाठी, धरणासाठी वनजमीन घेणाऱ्याने फक्त झाडांचे पैसे देऊन सुटू नये. जंगल उभं राहिलं असतं तर पुढची वर्षानुवर्षं लाकूड, चारा, मध, पाणी, हवेतला कार्बन धरून ठेवणं अशा ज्या ज्या गोष्टी दिल्या असत्या, त्या सगळ्यांची आजची किंमत काढायची. याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने ती काढायची पद्धत मांडली. मार्च २००८ मध्ये न्यायालयाने जंगलाच्या प्रकारानुसार आणि घनतेनुसार हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत दर ठरवले. पुढे ते वाढले.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. पाऊस जमिनीत मुरतो त्याचे पैसे! झाडाने हवेतला कार्बन धरला त्याचे पैसे! हजारो वर्षं फुकट चाललेल्या कामाची कुणीतरी पावती फाडली होती.

ही रक्कम जमा होते प्रतिपूरक वनीकरण निधीत, ज्याला सगळे कॅम्पा म्हणतात. वर्षानुवर्षं ती बँकेत पडून होती. २०१६ मध्ये कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. भारतात निसर्गासाठी एकरकमी एवढा पैसा क्वचितच हलला असेल.

पण या पैशातून प्रामुख्याने काय होतं? नवी लागवड. खड्डा, रोप, कुंपण, दोन-तीन वर्षं पाणी. लागवड वाईट नाही. सातपुड्याचे कितीतरी उतार उघडे पडलेत, तिथे ती हवीच. मात्र रोपाला ढोली नसते. आज लावलेल्या सागाला रानपिंगळ्याचं घर होण्याइतकं वय येईल तेव्हा आपली नातवंडं म्हातारी झालेली असतील. कोट्यवधींच्या निधीतून रोपं हवी तेवढी विकत घेता येतात. ऐंशी वर्षांचं पोकळ झाड कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नाही. ते फक्त न तोडता ठेवता येतं.

न तोडणं हे काम आहे का? त्याचे पैसे कुणाला द्यायचे? सगळं अर्थकारण या प्रश्नाशी येऊन अडतं.

नंदुरबारने याची उलटी बाजू पाहिलेली आहे, म्हणून हा प्रश्न इथे जास्त टोचतो. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. पहिलं मणिबेली. नर्मदेच्या काठाचं जंगल बुडालं, आणि उठवलेल्या लोकांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याचं जंगलही मोकळं केलं गेलं. त्या काळच्या हिशेबात धरणाची वीज होती, सिंचन होतं, खर्च होता. मोहाचं झाड कुणाचं होतं आणि ते वर्षाला किती देत होतं, याचा रकानाच नव्हता. नर्मदाकाठच्या माणसांनी तो रकाना मागण्यासाठी आयुष्यं घालवली. आज पर्यावरण-सेवांचं मूल्य या विषयावर परिषदा भरतात, तेव्हा मला वाटतं की त्या परिषदांत पहिली खुर्ची मणिबेलीची असायला हवी.

मोहाच्या झाडाकडे जरा जवळून बघू. काठी गावची राजवाडी होळी होते त्याच्या आगेमागे मोह फुलायला लागतो. रात्री वटवाघळं येतात, परागीभवन करून जातात. पहाटे फुलं टपटपायला लागतात. फिकट पिवळी, गोडसर वासाची, बोराएवढी, बोटांत धरली तर रसाने चिकट. उजाडायच्या आत बायका आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. ऊन चढलं की फुलं सुकतात, गुरंढोरं येतात, म्हणून घाई. दिवसभर अंगणात वाळत घातली की तीच फुलं मनुकांसारखी लालसर-तपकिरी होतात. घरात खायला, विकायला, पाहुण्याला. पुढे बियांचं तेल निघतं ते वेगळंच. केंद्र सरकारने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली, तर चारोळीच्या बियांची १२६. धडगावच्या डोंगरात हेच आंब्याचं. कैऱ्या सोलून, काप करून वाळवायच्या आणि आमचूर बाजारात न्यायचा.

म्हणून या डोंगरातल्या उघड्या पडलेल्या उतारांवरही तुम्हाला जुने, प्रचंड मोह आणि आंबे उभे दिसतील. त्यांना वाचवायला कुणी पहारेकरी नेमलेला नाही. ते दरवर्षी व्याज देतात. मुद्दल मोडायचं नसतं, हे ज्या घराला माहीत आहे त्या घराचं ते झाड आहे. आणि शंभर वर्षं उभ्या राहिलेल्या झाडाच्या अंगात केव्हातरी पोकळी धरतेच. माणसाच्या पोटासाठी राखलेल्या झाडात पाखराला घर मिळतं, आणि त्यासाठी कुणालाही वेगळा खर्च करावा लागत नाही. संवर्धनाचा सगळ्यात जुना वित्तपुरवठा हाच असावा, असं मला मनापासून वाटतं.

याच मोहापायी एक नुकसानही होतं, तेही सांगायला हवं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग झाडाखाली थांबत नाही. उतार चढते, रोपं जाळते, सरडे आणि सापसुरळ्यांचा आसरा जाळते, म्हणजेच रानपिंगळ्याचं ताट जाळते. त्याचा विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो, त्यामुळे मोहाचे दिवस आणि त्याच्या पिल्लांचे दिवस एकमेकांत मिसळतात. उपाय साधा आहे. झाडाखाली जाळी पसरायची. फुलं जाळीत पडतात, माती लागत नाही, भाव बरा मिळतो, आणि पाचोळा जाळायची गरजच राहत नाही. वन्यजीव-संवर्धनावरचा खर्च म्हटल्यावर डोळ्यांपुढे कॅमेरे, ड्रोन, गस्तीच्या गाड्या येतात. इथे तो खर्च म्हणजे काही हात जाळी.

ती जाळी घ्यायला पैसे कुठून येतील हे शोधताना मला जे सापडलं, ते रानपिंगळ्याच्या पुनर्शोधाइतकंच आनंदाचं वाटलं.

नंदुरबारचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांहून अधिक आहे. इथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्र सरकारने ठरवलं की आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के थेट पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायचे, आणि ते कशावर खर्च करायचे ते ग्रामसभेने ठरवायचं. याला अबंध निधी म्हणतात, कारण त्याला योजनेचा दोर बांधलेला नाही. खर्चाचे चार मोठे गट सांगितले आहेत. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, आणि चौथ्या गटात वनीकरण, जलसंधारण, वनतळी, वन उपजीविका यांच्या जोडीला स्पष्ट शब्दांत लिहिलं आहे: वन्यजीव संवर्धन.

म्हणजे सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याची ग्रामसभा, पोलिसपाटलाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसून, हात वर करून, एका घुबडासाठी पैसे मंजूर करू शकते. कुठल्या दूरच्या दात्याची परवानगी लागत नाही. जगात असे किती समाज आहेत?

याच्या जोडीला वनहक्क कायदा ठेवा. २००६ च्या या कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल आणि जैवविविधतेचं रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारकांच्या आणि ग्रामसभेच्या हाती दिला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपल्या जंगलाचा आराखडा करता येतो. तोरणमाळच्या जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. हा दर्जा अभयारण्यासारखा नाही. तो स्थानिक लोकांशी बोलून दिला जातो, त्यासाठी कुणाला उठवावं लागत नाही, आणि सल्ला देणाऱ्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. पैसा, अधिकार आणि जागा, तिन्ही गोष्टी एकाच डोंगरात आहेत.

जगात याहून कितीतरी चमकदार प्रयोग चालले आहेत. मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या गेंड्यांसाठी १५ कोटी डॉलरचा रोखा काढला. गुंतवणूकदार पाच वर्षं नेहमीचं व्याज घेत नाहीत. ते पैसे गेंड्यांच्या दोन संरक्षित क्षेत्रांकडे जातात. मुदत संपल्यावर गेंडे किती वाढले ते मोजायचं, आणि वाढीच्या प्रमाणात गुंतवणूकदारांना जादा रक्कम द्यायची. वाढ नाही, तर जादा काही नाही. कोस्टा रिकाने १९९७ पासून आणखी सरळ वाट धरली. इंधनावरच्या कराचा एक भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलमध्ये जगातल्या देशांनी ठरवलं की जैवविविधतेसाठी २०३० पर्यंत दरवर्षी २०,००० कोटी डॉलर उभे करायचे.

गेंड्याच्या रोख्याची कल्पना मला फार आवडते, कारण तिने न दिसणाऱ्या गोष्टीला मोजपट्टी लावली. मात्र रानपिंगळा गेंडा नाही. हजाराच्या आत संख्या, डोंगराळ मुलूख, मोजणीत एका जोडीची चूक झाली तरी टक्केवारी कोलमडते. सातपुड्यात असा काही हिशेब करायचाच असेल, तर माझ्या मते पक्षी मोजू नयेत. ढोल्या मोजाव्यात. ढोली उडून जात नाही. तिला दुर्बीण लागत नाही. गावातला कुणीही गुराखी कोणत्या झाडात पोकळी आहे हे डोळे मिटून सांगेल. गेल्या वर्षी इतकी ढोलीची झाडं उभी होती, यंदा तितकीच आहेत, म्हणून इतके पैसे ग्रामसभेच्या खात्यात. न तोडण्याला मोबदला द्यायची इतकी सरळ वाट मला दुसरी दिसत नाही.

वाटेत काटेही आहेत. शहादा-तळोद्याच्या उसात बिबटे राहतात. बिबट्याने माणूस मारला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात, आणि गाय-बैल मारला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यांतली कमी रक्कम. ही भरपाईसुद्धा संवर्धनाचाच खर्च आहे. ती पंचनाम्यात अडकली की माणसाचा रानावरचा राग वाढतो, आणि त्याची किंमत शेवटी ढोलीतल्या पिंगळ्यालाही मोजावी लागते. उसाच्या शेतात राबणाऱ्या बाईला घुबडाचं कौतुक करायला आधी संध्याकाळी निर्धास्त घरी पोचता आलं पाहिजे.

आणि ग्रामसभा खरंच असं काही ठरवतात का, अशी शंका ज्यांना येते त्यांना मी चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव सांगतो. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गावाने उत्पन्न मिळवलं. मग गावाने बसून तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. त्यात रोख पैसा होता, पण पत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात. झाडं राहिली तर फळं माणसांना आणि पाखरांना दोघांनाही. हातातला पैसा सोडायचा निर्णय त्यांनी कुणाच्या व्याख्यानाने घेतला नाही. जंगल आपलं आहे हे कागदावर आल्यावर घेतला.

सातपुड्यातल्या गावांनीही असं काही करावं, ही माझी फार इच्छा आहे. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते असं: पावसाळा संपल्यावर, गवत सुकायला लागलं की, शाळेतली चार पोरं आणि रान माहीत असलेला एखादा आजा गेरूची वाटी घेऊन डोंगरात निघालेत. म्हातारं झाड दिसलं की आजा बुंध्यावर काठी आपटतो. पोकळ आवाज आला की पोरगी झाडावर गेरूचा ठिपका काढते, दुसरा वहीत आकडा मांडतो. ग्रामसभेत ती वही वाचली जाते. मोहाच्या दिवसांत त्याच झाडांच्या आसपास जाळ्या पसरलेल्या असतात, खाली बायका फुलं वेचताहेत, आणि वर, गेरूच्या ठिपक्यापासून दोन पुरुष उंचीवर, ढोलीच्या काळोखातून दोन पिवळे डोळे खाली बघताहेत.